तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी की दुप्पट रॅम?

सावळी
नमस्कार मंडळी. जुना लॅपटॉप आता खरंच निवृत्तीला आलाय. माझं काम भाषांतराचं. ब्राउझरच्या ढीगभर टॅब, वर्ड, भाषांतराचं सॉफ्टवेअर आणि अधूनमधून सबटायटल. गेम अजिबात नाहीत. रोज आठ-दहा तास चालतो. तो बंद पडला की काम बंद, आणि काम बंद की बिलं बंद.

दोन मॉडेलवर येऊन अडकले आहे. किंमत जवळपास सारखीच.

अ: ३२ जीबी रॅम, १४ इंची ओएलईडी पडदा, पातळ, देखणा. वॉरंटी १ वर्ष, कॅरी-इन.

ब: १६ जीबी रॅम, साधा आयपीएस पडदा, जरा जाड, ऑफिसांसाठी काढलेल्या मालिकेतला. वॉरंटी ३ वर्षं, ऑनसाइट, 'नेक्स्ट बिझनेस डे'.

घरातले सगळे 'अ' म्हणतायत, माझं मन 'ब'कडे. वॉरंटीला एवढं वजन द्यावं का? तुम्हाला ती कधी लागली का, आणि लागली तेव्हा उपयोग झाला का, ते सांगा. कोणती कंपनी चांगली हा वाद कृपया इथे नको, त्यावर आधीच भरपूर रणं माजून झाली आहेत.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. कंपनीचं नाव आल्याशिवाय धागा संपणार नाही, पैज.

खटपट्या
ताई, 'ऑनसाइट' वाचून लगेच हुरळू नका. मी लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात आहे. कुठल्या कंपनीचा नाही, स्वतंत्र. त्यामुळे दोन्हीकडचं बोलू शकतो.

कॅरी-इन म्हणजे मशिन तुम्ही सेंटरला नेऊन द्यायचं आणि झालं की आणायचं. हे सेंटर बरेचदा कंपनीचं नसतंच, कंत्राटावर चालवलेलं असतं. पार्ट वरून मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत तुमचं मशिन त्यांच्या कपाटात पडून राहतं. ऑनसाइटमध्ये पार्ट आणि माणूस तुमच्याकडे येतो, तोवर अर्धंमुर्धं चालणारं का होईना, मशिन तुमच्यापाशी असतं. तुमच्यासारख्या रोजच्या कामवालीला फरक पडतो तो इथे.

आता दुसरी बाजू. 'नेक्स्ट बिझनेस डे' म्हणजे तुम्ही फोन लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. आधी फोनवर निदान. रीस्टार्ट करा, बायोस (मशिन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, ड्रायव्हर काढा-घाला, ही सगळी पारायणं झाली आणि 'पार्ट लागणार' हे त्यांनी मान्य केलं, की तिथून दिवस मोजायचा. तोही पार्ट हाताशी असेल तर. अटींमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही.

पारायण आखूड करायचा उपाय सांगतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये विंडोजच्या बाहेर चालणारी तपासणी दिलेली असते. मशिन सुरू होताना एफ२ किंवा एफ१२ दाबायचं, कंपनीप्रमाणे बटण बदलतं. तिला दोष सापडला तर ती एक कोड दाखवते. त्याचा फोटो काढा आणि फोनवर पहिलं वाक्य म्हणून तो कोडच सांगा. समोरच्याला निम्म्या पायऱ्या गाळता येतात.

उंटावरचा शहाणा
असहमत. सरळ 'अ' घ्या. इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडायची असली तर पहिल्या काही महिन्यांत बिघडते, नाहीतर एकदम म्हातारपणी. मधली वर्षं शांत जातात, आणि नेमकी त्याच वर्षांची वॉरंटी तुम्ही निम्मी रॅम सोडून विकत घेणार! एक्स्टेंडेड वॉरंटी विकणारे इतका आग्रह का करतात? त्यात त्यांना सुटतं म्हणून. बॅकअप चोख ठेवा, थोडे पैसे बाजूला टाका, मोडला तर दुरुस्त करा. मी आजवर एकदाही वॉरंटी वापरलेली नाही.

रिकामटेकडा
आयडी सार्थ केलात. हलके घ्या.

मृद्गंधा
शहाणे साहेब, तुमचं गणित एका जागी बसून राहणाऱ्या टीव्हीला चालेल. लॅपटॉप दिवसातून दहादा उघडतो-मिटतो, पिशवीत आदळतो, उशीवर ठेवला की तापतो. आमच्या ऑफिसात शेकड्याने मशिन आहेत आणि वॉरंटीचे कॉल लावणं हे माझंच काम. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काय येतं? चार्जिंगचं पोर्ट सैल झालं, पंखा घरघरतो, कीबोर्डची एक रांग गेली, बिजागरी करकरते. ही सगळी झीज आहे, आणि ती बरोबर तुमच्या 'शांत' वर्षांत दिसायला लागते.

शिवाय पातळ मशिनमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. एक चिप गेली तरी कंपनी अख्खा बोर्ड बदलते. वॉरंटी संपल्यावर त्या बोर्डाचा अंदाजे खर्च ऐकला की माणूस नवीन लॅपटॉपच्या जाहिराती बघायला लागतो.

सावळी, एक गोष्ट तपासा. मशिनला ३ वर्षं असली तरी बॅटरीला बहुतेक वेळा १ वर्षच असतं. आणि वापराने क्षमता कमी होणं हा दोष धरलाच जात नाही. अटींमध्ये त्याची वेगळी ओळ असते.

सावळी
आत्ता 'ब'च्या अटी उघडून बघितल्या. बॅटरी १ वर्ष! जाहिरातीत याचा पत्ताच नाही.

टंकाळा
आहे की. '३ वर्षं' याच्या डोक्यावर एक तारा असतो. तो खाली कुठे मावळतो ते बघायला दुर्बीण लागते, एवढंच.

निवांत_नाना
अनुभव विचारलात म्हणून लिहितो. माझ्या लॅपटॉपची बिजागरी वॉरंटीतच तुटली. सेंटरमधल्या मुलाने झाकण उचलून बघितलं आणि जॉबशीटवर लिहिलं 'सीआयडी'. मी म्हटलं, बाबा रे, चौकशी कसली बसवतोस? तर म्हणे 'कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज'. म्हणजे आजोबा, तुम्हीच मोडलंत.

पडला नव्हता, आपटला नव्हता, बाहेरून ओरखडादेखील नाही. नातवाने आतला भाग दाखवला तेव्हा कळलं. बिजागरीचे स्क्रू छोट्या पितळी नटांत बसतात आणि ते नट नुसत्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेले. बिजागरी कडक होत गेली की झाकण उघडताना सगळा जोर त्या प्लॅस्टिकवर येतो आणि नट उपटून बाहेर. यात माझं काय चुकलं? पण तो मुलगा 'प्लॅस्टिक तुटलंय म्हणजे फिजिकल डॅमेज' यापुढे सरकेना.

खटपट्या
नाना, अशा बिजागऱ्या माझ्या टेबलावर कायम असतात. तुमच्या नातवाचं निदान बरोबर आहे. इतरांसाठी लिहितो: बिजागरी कडक वाटायला लागली किंवा झाकण उघडताना कोपऱ्यातली फट वाढायला लागली की तेव्हाच तक्रार नोंदवा. तुटेपर्यंत थांबलात की वाद तुमच्यावर उलटतो. आणि मशिन सेंटरला देताना चारही कोपऱ्यांचे, झाकणाचे, पडद्याचे फोटो तिथेच काउंटरवर काढा. जॉबशीटवर 'बाहेरून मार नाही' असं लिहून घ्या. पावती हातात आल्यावर नव्हे, सही करण्याआधी.

निवांत_नाना
फोटो होते म्हणूनच निभावलं. फोनवर कोणी दाद देईना, मग कंपनीला ईमेल लिहिलं: वॉरंटी नाकारण्याचं कारण लेखी द्या, आतले फोटो पाठवा, मार कुठे लागलाय ते दाखवा. त्यानंतर एकदम सूर बदलला. वरचं झाकण बिजागरीसकट बदलून मिळालं.

उंटावरचा शहाणा
म्हणजे वॉरंटी असूनही भांडावं लागलंच. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

मृद्गंधा
नसती तर भांडायला समोर कोणी नसतं.

चष्मिस
जरा अवांतर. माझ्या नव्या पडद्यावर एक ठिपका कायम हिरवा दिसतो. कंपनी म्हणते हा दोषच नाही. असं कसं?

टंकाळा
असंच. फुल एचडी पडद्यात १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, आणि प्रत्येकाचे लाल-हिरवा-निळा असे तीन तुकडे. दर दहा लाख पिक्सेलमागे किती सदोष चालतील याचे वर्ग आयएसओ ९२४१-३०७ या मानकात ठरवलेले आहेत. एकही दोष चालणार नाही असाही वर्ग त्यात आहे, पण तसं वचन फार थोड्या पडद्यांना मिळतं. बाकीच्या कंपन्या आपापला आकडा अटींमध्ये लिहून मोकळ्या होतात. तुमची वस्तू परत करायची मुदत शिल्लक असेल तर विक्रेत्याकडे परत करा, वॉरंटीच्या वाटेला जाऊच नका. नवं मशिन आलं की पहिल्याच दिवशी पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा पडदा करून बघायचा तो यासाठी.

चष्मिस
मुदत आहे अजून. पळतो.

मृद्गंधा
धागा रुळावरून घसरायच्या आधी डेटाचं बोलते, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही आणि मग रडारड होते.

वॉरंटी मशिनची असते, तुमच्या फायलींची नाही. सेंटरला मशिन देताना सही करता त्या कागदावर 'डेटा गेल्यास आम्ही जबाबदार नाही' हे वाक्य असतंच. पण डिस्कला हातही न लावता डेटा अडकू शकतो. हल्ली विंडोज डिस्क एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करून ठेवते, पुष्कळांना कळतही नाही. तिची किल्ली सांभाळणारी टीपीएम नावाची सोय मदरबोर्डवर किंवा त्यावरच्या प्रोसेसरमध्ये असते. वॉरंटीत बोर्ड बदलला, इंजिनियर खूश, तुम्ही खूश. मशिन सुरू केलं की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असून उपयोग नाही.

आमच्याकडे एक साहेब कॉन्फरन्सला निघायच्या आदल्या संध्याकाळी या पडद्यासमोर बसले होते. इंजिनियरला वाट्टेल ते बोलले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. ती की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पहिल्यापासून साठवलेली निघाली, फक्त ते खातं कोणत्या ईमेलवर काढलंय हे साहेबांना आठवत नव्हतं. तर आजच आपल्या खात्यात जाऊन की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपमधल्याच नोटपॅडमध्ये नव्हे.

अजून एक. बोर्ड बदलल्यावर नव्या बोर्डात जुनाच सिरियल नंबर भरायचा असतो. इंजिनियर जायच्या आत बायोसमध्ये जाऊन तो नंबर तळाच्या स्टिकरशी जुळतोय का बघा. राहून गेला तर पुढच्या तक्रारीला वेबसाइट 'असं मशिन नाही' म्हणते. विंडोज अॅक्टिव्हेट आहे हेही तेव्हाच तपासा.

रिकामटेकडा
नोटपॅडमधली की कॉपी करून या प्रतिसादाला +१ दिला.

सावळी
मृद्गंधा, आत्ताच शोधली. सापडली, आणि ज्या खात्यात आहे ते मी कधीच वापरत नाही. वाचनखूण साठवली.

ऑनसाइटबद्दल शंका: डिस्कच गेली तर जुनी डिस्क ते घेऊन जातात का? क्लायंटचे गोपनीय कागद असतात माझ्याकडे.

मृद्गंधा
हो, बदललेला पार्ट कंपनीचा होतो. ऑफिसच्या मालिकांना 'खराब डिस्क ग्राहकाकडेच राहील' अशी पुरवणी विकत मिळते, आम्ही ती घेतोच. पण तुमची डिस्क पहिल्यापासून एनक्रिप्ट असेल तर फार काळजी नको. आणि हो, वॉरंटीत बसवलेला पार्ट नवाकोरा असेलच असं नाही. दुरुस्त करून तपासलेला देण्याची मुभा अटींमध्ये असते.

टंकाळा
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो सगळे विसरलेत. सावळीताई, 'ब'मधली १६ जीबी सोल्डर केलेली आहे की पट्टी आहे? स्लॉट किती?

सावळी
थांबा, बघते.

कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं दुरुस्तीचं मॅन्युअल मिळालं, उघडायचं कसं त्याच्या चित्रांसकट. दोन स्लॉट आहेत. १६ ची एकच पट्टी, दुसरा स्लॉट रिकामा.

टंकाळा
मग भांडण कशाचं? दुसरी १६ ची पट्टी टाका, ३२ झाली. वर ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकत्र चालणं) मिळाल्याने आतलं ग्राफिक्सही जरा वेगाने चालेल. 'अ'ची वॉरंटी मात्र तुम्हाला नंतर स्क्रूड्रायव्हरने वाढवता येणार नाही.

उंटावरचा शहाणा
आणि पाठ उघडली की वॉरंटी रद्द. स्क्रूवर स्टिकर चिकटवलेला असतो तो कशासाठी?

वाचनमात्र
बरीच वर्षं नुसता वाचतो, आज लिहितो. त्या स्टिकरमागे सगळीकडे कायदा उभा नसतो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. ठरावीक ब्रँडचाच पार्ट किंवा ठरावीक दुकानाचीच सेवा वापरा, अशी अट वॉरंटीला सर्रास लावता येत नाही. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना असल्या 'सील तोडलं तर वॉरंटी संपली' छापाच्या मजकुराबद्दल ताकीद दिली होती. युरोपीय संघात तर विक्रेत्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी बंधनकारक आहे, कंपनीची वॉरंटी त्याशिवाय वेगळी. म्हणजे देश बदलला की तोच स्टिकर वेगळं बोलतो. आपण राहतो तिथला ग्राहक कायदा एकदा वाचावा.

आणि 'बिघाड तुमच्यामुळे' हे पालुपद कायम टिकतंच असं नाही. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिप मोठ्या संख्येने बिघडायला लागल्या, तेव्हा लॅपटॉप कंपन्यांना त्या मॉडेलांची वॉरंटी वाढवावी लागली. अॅपलने २०१८ च्या जूनमध्ये 'बटरफ्लाय' कीबोर्ड फुकट दुरुस्त करायची योजना काढली, मशिन पहिल्यांदा विकलं गेल्यापासून ४ वर्षांपर्यंत. त्यामुळे वॉरंटी संपली म्हणून गप्प बसण्याआधी आपल्या मॉडेलची अशी योजना आहे का ते कंपनीच्या वेबसाइटवर बघावं.

रिकामटेकडा
कंपनीचं नाव आलं. पैज जिंकलो.

खटपट्या
वाचनमात्र, लिहीत जा हो. रॅमबद्दल व्यवहारातलं सांगतो. ज्या मॉडेलचं उघडायचं मॅन्युअल कंपनी स्वतः देते, तिथे रॅम बदलल्याने वॉरंटी जात नाही असं बहुधा अटींतच असतं. कंपनीला चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. तुम्ही टाकलेल्या पट्टीची वॉरंटी ती बनवणाऱ्याची, लॅपटॉपवाल्याची नव्हे. आणि कॉल लावायच्या आधी आपली पट्टी काढून ठेवा, नाहीतर सगळं खापर तिच्यावर. पाठ उघडताना बॅटरीचं कनेक्शन आधी काढायचं, मग रॅमला हात. स्क्रू मात्र तुमचा तुम्ही मोडलात तर तो खराखुरा सीआयडी.

उंटावरचा शहाणा
रिकामा स्लॉट असेल तर 'ब' चालेल, मान्य. पण तीन वर्षं त्या फिक्या पडद्याकडे बघत बसणार आहेत त्या, हे कोणीच धरत नाही. वॉरंटी वर्षातून एखाद्या दिवशी लागेल, पडदा रोज आठ तास.

मृद्गंधा
हा मात्र तुमचा पहिला बिनतोड मुद्दा. सावळी, 'ब'चा पडदा किती निट्सचा (म्हणजे किती उजळ) आणि किती टक्के एसआरजीबीचा (म्हणजे किती रंग दाखवणारा) ते बघा. ऑफिसच्या मालिकांमध्ये स्वस्त आवृत्तीला २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी (हेही रंगांचंच माप) असलं काहीतरी मिळतं, ते खिडकीजवळ बसून सोसवत नाही. बरेचदा त्याच मॉडेलला बऱ्या पडद्याचा पर्याय असतो. ओएलईडी काळं काळं दाखवतं हे खरं, पण दिवसभर एकाच जागी टूलबार ठेवून काम करणाऱ्याच्या पडद्यावर त्याची छाप राहायची भीती असते, आणि ती छाप वॉरंटीत धरतात की नाही हे कंपनीगणिक बदलतं.

सावळी
मंडळी, 'ब' घेतला. पर्याय शोधल्यावर ४०० निट्सचा, पूर्ण एसआरजीबी पडदा मिळाला. थोडे जास्त पडले, पण शहाणे साहेबांचं म्हणणं डोक्यातून जाईना.

आता नवीन घोळ. वेबसाइटवर सिरियल नंबर घालून पाहिला तर वॉरंटी माझ्या बिलाच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेली दाखवते! ऑनसाइट आहे, ३ वर्षं आहे, पण सुरुवातच चुकीची.

खटपट्या
बरं झालं लगेच बघितलंत. कंपनीकडून माल विक्रेत्याला निघाला ती तारीख सिस्टिममध्ये बसलेली असते. वॉरंटीच्या पानावर 'खरेदीचा पुरावा' किंवा तारीख दुरुस्त करायचा अर्ज असतो, तिथे बिल चढवा. बिलावर सिरियल नंबर छापलेला हवा, नसला तर विक्रेत्याकडून लिहून घ्या. हे आत्ताच उरका, तिसऱ्या वर्षी कॉल लावताना नव्हे.

सावळी
झालं! बिलावर नंबर नव्हता, विक्रेत्याने नवीन बिल पाठवलं, आता तारीख बरोबर दिसतेय. रॅमचंही कंपनीला विचारलं, चालेल म्हणाले, स्क्रीनशॉट घेतला. सगळ्यांचे आभार.

निवांत_नाना
बिल थर्मल कागदावर असेल तर आजच फोटो काढून ठेवा हो. वर्षभरात कोरा होतो तो.

चष्मिस
मला नवीन पडदा मिळाला, एकही ठिपका नाही. पण हा लॅपटॉप झाकण मिटल्यावरही आतून तापलेला राहतो आणि सकाळी बॅटरी रिकामी. हे वॉरंटीत बसेल का?

खटपट्या
बहुतेक तो झोपतच नाहीये, हार्डवेअरचा दोष नसावा. वेगळा धागा काढा, मॉडेल आणि विंडोजची आवृत्ती लिहा. तिकडे बघू.